जपानी झाडाची अट

कुणी सल्ला विचारला की व्यंकटरावांचा चेहरा उजळायचा. सगळी नोकरी त्यांनी सरकारी माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत काढली होती. हर्सूलकडच्या त्यांच्या कॉलनीत कुणाचा कढीपत्ता सुको की कुणाच्या लिंबाची फुलं गळोत, माणूस फाटकाशी येऊन "साहेब" म्हणून हाक मारायचा आणि साहेब हातातला पेपर टाकून निघायचे. चिमूटभर माती बोटांत चोळायची, डोळे बारीक करायचे आणि मग असं काही सांगायचं की समोरच्यानं मान डोलवत घरी जावं. कॉलनीला फुकट मिळणारं हे ज्ञान घरात मात्र मागून मिळेलच असं नव्हतं. यमुनाबाईंना त्याची सवय होती. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर बाईला कशाकशाची सवय होते, ते काय सांगावं.

मनस्विनी त्यांची एकुलती एक. जपानी शिकायला म्हणून पुण्याला गेली, तिथून नोकरीसाठी नागोयाला, आणि तिथंच केईता नावाच्या मुलाशी लग्न करून मोकळी झाली. फोन करून तिनं सांगितलं, विचारलं नाही. व्यंकटरावांनी त्यानंतर बरीच वर्षं तिच्या फोनला हात लावला नाही. फुलंब्रीकडच्या भाऊबंदांना त्यांनी सांगून टाकलं, पोरगी नोकरीत रमली आहे, लग्नाचं नावच काढू देत नाही. पिढ्यान्‌पिढ्या भिक्षुकी केलेलं घराणं, आणि जावई असा, हे ते तोंडानं कधी बोलले नाहीत. पुढं नात झाली, तिचं नाव ओवी ठेवलं. मराठी नाव ऐकून तरी माणूस विरघळेल असं यमुनाबाईंना वाटलं होतं. ते म्हणाले, नाव ठेवायला काय लागतं.

मग ते दुष्काळाचं वर्ष आलं आणि त्यातच भाद्रपद अधिक आला. धोंड्याचा महिना. या महिन्यात लेक-जावयाला बोलवायचं, पुरणाचे धोंडे करायचे, जावयाला पाटावर बसवून अनारशाचं वाण द्यायचं. तीन वर्षांनी एकदा येणारा हा महिना ज्या घरातून लेक दिली आहे त्या घरात कोरडा जाऊ नये. यमुनाबाईंनी धीर करून विषय काढला. व्यंकटरावांनी शांतपणे विचारलं, कोण जावई? विषय तिथंच संपला. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत आणि ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

त्याच महिन्यात कुरियरनं एक उंच खोकं आलं. मनस्विनीनं हिमाचलातल्या कुठल्याशा रोपवाटिकेतून आईच्या नावानं एक रोप पाठवलं होतं. जपानमध्ये त्याला यामाबोशी म्हणतात, इंग्रजीत डॉगवूड. त्यातलाही हा गुलाबी फुलांचा प्रकार. मनस्विनीनं फोनवर सगळं समजावून सांगितलं: आमच्या अंगणात हेच झाड आहे, जूनमध्ये फुलतं, फुलं पानांच्या वर येतात, टोकदार चार पाकळ्यांची, आणि झाडाकडं वरच्या खिडकीतून बघितलं की खालचं पान दिसत नाही. ओवी झाली तेव्हा ते असंच भरून फुललं होतं. आम्हाला येता येत नाही, तर हे तरी तुझ्या अंगणात असू दे.

व्यंकटराव जवळच खुर्चीत होते. कुत्र्याचं लाकूड, असा त्यांनी नावाचा उद्धार केला. मग उठून अंगणातली मूठभर काळी माती आणली, टेबलावर ओतली, तिच्यातले चुनखडीचे पांढरे खडे बोटानं बाजूला केले आणि त्यांना हसू आलं. यमुनाबाईंच्या हातातला फोन त्यांनी चार वर्षांत पहिल्यांदा आपल्याकडं ओढला.

"हे झाड या मातीत फुललं ना," ते म्हणाले, "की घेऊन ये तुझ्या नवऱ्याला. मी स्वतः विमानतळावर येतो घ्यायला."

 पलीकडून मनस्विनीनं विचारलं, "शब्द देताय, बाबा?"

"दिला."

काळी चिकण माती, बोअरचं जड पाणी, मे महिन्यातलं इथलं ऊन, सगळा हिशेब करूनच त्यांनी तो शब्द दिला होता. यमुनाबाईंना हिशेब ठाऊक नव्हता. त्यांनी नुसता शब्द ऐकला आणि त्या संध्याकाळी कुदळ काढली.

घराच्या पूर्वेला, दुपारनंतर सावली येते अशा जागी त्यांनी खड्डा घेतला. मातीत पालापाचोळा, शेणखत आणि नर्सरीतून आणलेला नारळाचा भुसा घातला. हे सगळं त्यांना केईतानं शिकवलं. तो आपल्या आईला विचारायचा, मनस्विनीला सांगायचा आणि ती इकडं सांगायची. कधी मनस्विनी कामात असली तर तो स्वतःच फोनच्या पडद्यावर येई आणि बुंध्याशी पानं कशी पसरायची ते हातानं करून दाखवी. यमुनाबाई इकडं तसंच करून दाखवत. दोघांच्या भाषेत एकही शब्द समान नसताना सासू-जावयाचं असं छान जमलं, आणि हे अर्थातच व्यंकटराव फिरायला गेले की चालायचं.

पहिल्याच थंडीत झाडाची सगळी पानं गळाली. यमुनाबाईंनी त्या काड्यांकडं पाहून डोळ्यांना पदर लावला. व्यंकटरावांनी पाहिलं आणि म्हणाले, संपलं म्हणायचं. मनस्विनीला कळवलं तर ती हसत सुटली; अगं, थंडीत ते झोपतं, फेब्रुवारीत उठेल. आणि खरंच उठलं. पुढचा उन्हाळा भयंकर होता. हर्सूलचा तलाव तळाशी भेगाळला होता, नळाला कधी पाणी येईल ते कुणी सांगू शकत नव्हतं, पण घरच्या बोअरला करंगळीएवढी धार होती. यमुनाबाईंनी झाडावर हिरवी जाळी बांधली. डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी, भाजी धुतलेलं पाणी, सगळं तिकडं. टँकरवाला पुंजाराम पाइप लावता लावता म्हणायचा, "काकू, लई लाडाचं झाड दिसतंय हे." यमुनाबाई म्हणायच्या, लेकीचं आहे.

दुसरं वर्ष त्यातल्या त्यात बरं गेलं. झाड कमरेच्या वर आलं, फांद्या आडव्या पसरल्या. तिसऱ्या हिवाळ्यात पानं गळाल्यावर यमुनाबाईंना काड्यांच्या टोकाशी काही वेगळं दिसलं. एरवीचे पानांचे डोळे टोकदार असायचे. हे गोल होते, कांद्याच्या लहानशा गड्ड्यासारखे. त्यांनी फोटो पाठवला. उलट फोन आला तो केईताचा. तो पडद्यावर काहीतरी भराभर बोलत होता आणि मागून मनस्विनी ओरडत होती, आई, या फुलाच्या कळ्या आहेत, फुलाच्या. ओवीला काही कळत नव्हतं, पण ती टाळ्या वाजवत होती. यमुनाबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा नवऱ्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं सांगितलं, कळ्या आल्यात.

दुसऱ्या दिवशी सकाळी व्यंकटराव झाडापाशी जाऊन बराच वेळ उभे राहिले. एक फांदी वाकवून त्यांनी टोक पाहिलं, सोडून दिलं, आत आले आणि चहा प्याले. चहा गोड झालाय एवढंच म्हणाले.

पण त्या वर्षी पाऊस पुन्हा पडलाच नव्हता. शिवाय शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर पाच मजली इमारत उभी राहत होती. शहर हर्सूलच्या पलीकडं पसरत चाललं होतं आणि जो येईल तो आधी जमिनीला भोक पाडत होता. त्या इमारतीच्या बोअरचं मशीन आठवडाभर घरघरलं, आणि संक्रांतीनंतर यमुनाबाईंच्या बोअरनं दोनदा खोकल्यासारखं करून हवा सोडली. आता सगळी भिस्त टँकरवर. टँकरचं पाणी इतकं जड की भांड्यावर पांढरे डाग पडायचे. व्यंकटरावांना मुतखड्याचा त्रास होता, म्हणून डॉक्टरांच्या सांगण्यावरून स्वयंपाकघरात पाणी शुद्ध करायचं मशीन बसवलं. मशीन त्यांनी स्वतः पारखून आणलं.

मग त्यांनी घरात नियम घातला. टँकरचं असो की मशीनचं, पिण्याचं पाणी झाडाला घालायचं नाही. माणसांना मिळत नाही आणि आपण झाडांचे लाड करायचे, हे बरं दिसत नाही. बोलणं बिनतोड होतं. यमुनाबाई दोन दिवस झाडाकडं बघत राहिल्या. तिसऱ्या दिवशी त्यांच्या ध्यानात आलं, की मशीनच्या मागच्या नळीतून पाणी सतत मोरीत जातंय. एक घागर शुद्ध होते तेव्हा दोन घागरी वाहून जातात. त्यांनी नळीखाली बादली ठेवली. कॉलनीत सगळ्याच बायका त्या पाण्यानं फरशी पुसत, भांडी घासत, कुंड्यांना घालत. वाया जाणारा थेंबन्‌थेंब झाडाला मिळणार, कुणाला बोलायला जागा नाही, यमुनाबाईंना आपल्याच हुशारीचं कौतुक वाटलं. त्यांनी बादली उचलून नवऱ्याला दाखवली. आता हेच घालते मी झाडाला.

व्यंकटरावांनी पेपर जरासा खाली केला. बादलीकडं पाहिलं, बायकोकडं पाहिलं.

"चांगलं आहे," ते म्हणाले. "वाया तरी जात नाही."

रोज सकाळी एक बादली, संध्याकाळी एक. यमुनाबाईंचा हात खांद्यापासून दुखायचा, पण बादली कधी चुकली नाही. फेब्रुवारीच्या शेवटी झाडानं डोळे उघडले. कळ्यांना इवलीशी हिरवी टोकं फुटली. यमुनाबाई ती रोज मोजायच्या आणि मनात लेकीच्या येण्याची तयारी करायच्या: वरची खोली झाडून घ्यायची, ओवीला वरण-भात आवडतो की नाही ते विचारायचं, जावयाला वाढायला चांदीचं ताट काढायचं.

मग पानांच्या कडा तपकिरी व्हायला लागल्या. उदबत्तीनं चटका द्यावा तशा. बुंध्याभोवती मातीवर पांढरा पापुद्रा धरला. यमुनाबाई तो खरवडून काढत आणि आठवड्यात तो परत येई. त्यांनी नवऱ्याला हाताला धरून बाहेर आणलं. जगाच्या मातीची दुखणी सांगता, एवढी एकदा आपल्या घरची बघा. व्यंकटराव वाकलेसुद्धा नाहीत. थंड हवेचं झाड आहे, इथं असंच व्हायचं, असं म्हणून ते आत गेले. उन्हानं होतंय असं समजून यमुनाबाईंनी जाळी दुहेरी केली आणि बादल्या दोनाच्या तीन.

गुढीपाडव्याच्या सुमारास कळ्या काळ्या पडून हाताला लागताच झडू लागल्या. एप्रिल संपता संपता फांदी वाकवली की कट्‌कन मोडायची. यमुनाबाईंनी तरी मे महिना अर्धा होईपर्यंत पाणी घातलं.

त्यांनी लेकीला फोन लावला. माझ्या हाताला गुण नाही गं, एवढंच परत परत म्हणत राहिल्या. मनस्विनी म्हणाली, आई, झाडं मरतात. पण तिचाही आवाज बरा नव्हता. केईता पडद्यावर आला आणि यमुनाबाईंसमोर मान वाकवून बसला. त्या दिवसांत यमुनाबाईंना जेवण गोड लागेना. दुष्काळाला, बिल्डरला, टँकरला त्यांनी मनात नावं ठेवून पाहिली, पण शेवटी दोष येऊन स्वतःच्याच माथ्यावर बसायचा. लेकीला घराबाहेर ठेवलं ते आपल्या हातांनी, असं त्यांना खरोखर वाटत होतं.

जूनमध्ये आषाढ अधिक आला. पुन्हा धोंड्याचा महिना. समोरच्या साहेबरावांकडं दोन्ही जावई गाड्या घेऊन आले, दारात चपलांचा ढीग पडला. साहेबरावांनी सहज विचारलं, साहेब, तुमचं काय? आता कॉलनीत कोण कुठं आहे ते फोनवर सगळ्यांना दिसतं. मनस्विनीचा नवरा-पोरीसकटचा फोटो साहेबरावांच्या सुनेनं केव्हाच पाहिला होता. व्यंकटराव दोन दिवस फिरायला गेले नाहीत. मग एका सकाळी म्हणाले, झाड गेलं ते गेलं, माणसं तरी येऊ देत. बोलव त्यांना.

यमुनाबाईंना आधी खरंच वाटेना. मग त्यांनी देवापुढं साखर ठेवली आणि येऊन नवऱ्याच्या पायांवर डोकं ठेवलं. हे पुढं त्यांना आयुष्यभर आठवणार होतं. व्यंकटरावांनीही पाय मागं घेतले नाहीत. अगं असू दे, म्हणाले.

पाहुणे आले ते टॅक्सीनं. विमानतळावर व्यंकटराव गेले नाहीत. तो शब्द झाड फुलण्याचा होता, अशी त्यांनी गंमत केली. पण घरात त्यांचा उत्साह ओसंडून वाहत होता. जावई मोटारीच्या कारखान्यात मोठा इंजिनिअर, वाकून नमस्कार करणारा, मांडी घालून बसायला सांगितलं तर गुडघ्यांवर ताठ बसून राहणारा. ओवी "आजोबा" म्हणून हाक मारी आणि आजोबा कुठं असतील तिथून धावत येत. धोंड्याच्या जेवणाला त्यांनी साहेबरावांना मुद्दाम बोलावलं. इतकी वर्षं लपवलेला जावई आता त्यांना दाखवायचा होता.

पाट, रांगोळी, चांदीचं ताट, सगळं यमुनाबाईंनी मनात मांडलं होतं तसं झालं. ओवी खाऊन आधीच झोपली होती. यमुनाबाई तुपाची वाटी घेऊन जावयाच्या पानाशी वाकल्या होत्या तेव्हा केईता खिडकीतून झाडाच्या रिकाम्या खड्ड्याकडं बघत काहीतरी म्हणाला. मनस्विनी जरा घुटमळली.

"तो विचारतोय, झाड कशानं गेलं असेल? त्याच्या आईलाही वाईट वाटलं."

कशानं गेलं! झाडाबद्दल, मातीबद्दल प्रश्न, समोर साहेबराव आणि इंजिनिअर जावई. व्यंकटरावांचा चेहरा उजळला.

"तुझ्या आईनंच मारलं की," ते हसत म्हणाले. "फिल्टरचं फेकायचं पाणी घालत होती, बादल्या बादल्या."

साहेबराव चमकले. "आता बगा. आमच्या घरी बी तेच घालतेत की, साहेब."

"बंद करा आजच्या आज," व्यंकटराव बोटं नाचवत म्हणाले. "पाण्यातला सगळा क्षार गाळून त्या नळीतून बाहेर टाकलेला असतो. आपली काळी माती तो खाली जाऊ देत नाही. पानाच्या कडा जळाल्या, वर पांढरा थर धरला, की समजायचं. तेव्हा जरी पाणी बंद केलं तरी झाड वाचतं."

एवढं बोलून त्यांनी धोंड्याचा तुकडा मोडला. मग त्यांच्या लक्षात आलं की कुणीच हसत नाही. साहेबराव आपल्या पानात बघत होते. यमुनाबाईंच्या हातातली वाटी तिरपी झाली होती आणि तूप रांगोळीवर सांडत होतं.

"पांढरा थर मी तुम्हाला दाखवला होता," यमुनाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज अगदी साधा होता.

"तसंही ते इथं फुलणार नव्हतं."

"कळ्या आल्या होत्या."

व्यंकटरावांनी पाण्याचा पेला जवळ ओढला.  यमुनाबाईंच्या मनात तीन महिन्यांच्या बादल्या एकेक करून खाली ठेवल्या जात होत्या. प्रत्येक वेळी त्या खुर्चीसमोरून गेल्या होत्या, आणि खुर्चीत हा माणूस पेपर वाचत होता. ठार मारायला याला हातसुद्धा उचलावा लागला नाही. लेकीचा रस्ता त्यानं तिच्या आईच्याच हातांनी बंद करवून घेतला, आणि वर आपण त्याच्या पाया पडलो. त्यांना रडू येईल असं वाटलं होतं, पण आली ती किळस.

केईता एकेकाच्या तोंडाकडं बघत होता. त्यानं हळूच बायकोला काही विचारलं. मनस्विनीचे ओठ पांढरे पडले होते. तिनं आईकडं पाहिलं.

"आई, काय सांगू याला?"

"काही सांगायची गरज नाही," व्यंकटराव म्हणाले. "घरातली गोष्ट आहे."

"तो घरातलाच आहे," यमुनाबाई म्हणाल्या. "सगळं सांग. एक शब्द गाळू नकोस."

मनस्विनी सांगू लागली. ती सावकाश बोलत होती, मध्ये थांबत होती, पुन्हा बोलत होती. व्यंकटरावांना त्यातला एक शब्द कळत नव्हता. आपल्याबद्दल काय सांगितलं जातंय ते त्यांना फक्त जावयाच्या चेहऱ्यावर दिसणार होतं, आणि ते तिकडं टक लावून बसले होते. केईताच्या चेहऱ्यावरचं हसू आधी अडखळलं, मग गेलं. त्यानं हातातला घास ताटात परत ठेवला. सासऱ्याकडं त्यानं सरळ पाहिलं आणि हळू आवाजात एक लहानसं वाक्य बोलला.

"तो विचारतोय," मनस्विनी म्हणाली, "आज तरी आम्ही आलेलं बाबांना हवं आहे का?"

यमुनाबाई नवऱ्याकडं बघत राहिल्या. साहेबराव हात न धुताच उठून बाहेर गेले. व्यंकटरावांनी घसा खाकरला, ताट जरासं सरळ केलं आणि मान खाली घालून म्हणाले, "त्याला म्हणावं, जेव."

ते मात्र मनस्विनीनं त्याला सांगितलं नाही.